सागाला दोन शेंडे, वाकडं खोड आणि छाटणीनंतरचे कोंब: करवत उचलण्याआधी बेचकं पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला, सिमरोलजवळच्या शेतात सहा वर्षांपूर्वी २ × २ मीटरवर सागाची ४०० रोपं लावली. आता झाडं साधारण सात मीटर उंच आहेत. निम्म्याहून जास्त झाडांना मीटर-दीड मीटरवर दोन शेंडे फुटले आहेत, काहींची खोडं बुडाशी वाकली आहेत. गेल्या जुलैत माळ्याकडून पाच मीटरपर्यंतच्या सगळ्या फांद्या काढून घेतल्या, तर दोन महिन्यांत खोडभर कोंब आले. रोपवाटिकेनं वाईट जात दिली का, आणि आता काय करायचं?

जातीचा दोष असू शकतो, पण तो सगळ्यात शेवटी धरायचा. तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसताहेत. दोन शेंडे हा पहिल्या एक-दोन वर्षांत शेंड्याला झालेल्या इजेचा परिणाम आहे, वाक हा मुळांचा किंवा लावणीचा, आणि कोंब हे सरळसरळ त्या जुलैतल्या छाटणीला झाडानं दिलेलं उत्तर आहे. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाच करवतीनं तिन्ही सोडवायला गेलात तर चौथा त्रास सुरू होईल.

आधी साग वाढतो कसा ते पाहा. एखादी कोवळी डहाळी हातात घ्या. ती गोल नसते, चौकोनी असते. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या काटकोनात असते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. टोकाचा डोळा जिवंत असेपर्यंत तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली सोडतो, शिवाय झाडाचं अन्नही आधी स्वतःकडे ओढतो, म्हणून बगलेतले डोळे दबून राहतात. टोक मेलं की वरची जोडी जागी होते. आंब्यासारख्या एकाआड एक पानं येणाऱ्या झाडात सगळ्यात वरचा एक डोळा बहुधा बाजी मारतो आणि नवा शेंडा होतो. सागात मात्र दोन डोळे अगदी समोरासमोर, सारख्या उंचीवर, सारख्या ताकदीचे असतात. दोघंही उठतात, आणि बेचकं तयार होतं. म्हणजे सागाचं बेचकं ही रोगट वाढ नाही. शेंडा गेल्यावर त्याच्या रचनेतून निघणारी ती साहजिक गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की शेंडा कशानं गेला.

याचं उत्तर बऱ्याचदा बेचक्यातच सापडतं. शिडी लावा, दोन फांद्यांच्या मधला कचरा जुन्या टूथब्रशनं झाडा आणि तिथे उरलेलं थोटूक नीट पाहा. फाटे फुटत गेलेला सुकलेला दांडा असेल तर तो जुना फुलोरा आहे. सागाचा मोहोर पावसाळ्यात येतो, आणि तो शेंड्याच्या टोकालाच येतो. टोकाचं फूल झालं की तो अक्ष तिथे संपला, पुढची वाढ बगलेच्या जोडीतूनच होते. ज्या झाडाला लवकर फुलोरा येतो त्याचं खोड आखूड राहतं ते यामुळेच. काळं, आक्रसलेलं, बोटभर वाळलेलं टोक असेल तर तो बहुतेक थंडीचा मार. इंदूरकडे आपण याला पाला पडला म्हणतो (झाडाचा पाला नव्हे, डिसेंबर-जानेवारीतला हिमतुषार). फाटलेलं, सालीचे धागे लोंबणारं थोटूक असेल तर वानर, वारा किंवा बांबू लावणाऱ्याचा हात. आणि टोक खाल्लेलं, आजूबाजूला कुरतडलेल्या खुणा असतील तर अळी.

तुमची बेचकी पाच वर्षांची जुनी असणार, त्यामुळे थोटूक लाकडात गडप झालं असेल. मग विरळणीत (दाटी कमी करायला काही झाडं काढतात तेव्हा) जे झाड जाणारच आहे त्याचं बेचकं कापून आणा आणि दोन्ही फांद्यांच्या मधोमध उभं चिरून घ्या. आत मूळ गाभ्याची रेघ वर येऊन एकदम संपलेली दिसेल, टोकाला काळा बिंदू, आणि तिथून दोन नवे गाभे फुटलेले. दोन्ही फांद्यांच्या बुडाचा आडवा काप घासून त्यावरची वलयं मोजा. साग हे उष्ण प्रदेशातल्या अशा थोड्या झाडांपैकी आहे ज्यांची वर्षावलयं डोळ्यांना स्पष्ट दिसतात, कारण हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ उमटते. फांदीच्या बुडाशी पाच वलयं असतील तर शेंडा पाच हंगामांपूर्वी गेला. अळीनं पानं खाऊन पुन्हा पालवी आली तर एखादं खोटं वलय उमटतं. ते फिकट असतं आणि पूर्ण फिरत नाही, म्हणून एकाऐवजी तीन-चार काप पाहावेत.

दुसरं काम कागदावरचं. चौकटीच्या वहीत २० × २० चौकोन आखा, प्रत्येक चौकोन म्हणजे एक झाड. त्यात बेचक्याची उंची लिहा, वाकलेल्याला बाण काढा, कोंबांना ठिपका द्या. तासाभराचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते झाडाखाली उभं राहून कळत नाही. शेताच्या सखल भागातच बेचकी असतील आणि सगळी साधारण एकाच उंचीवर, तर थंडी. जड थंड हवा रात्री सखलात साचते आणि तेव्हाच्या मीटर-दीड मीटर रोपांचे शेंडे तिच्यात बुडालेले असतात. नाल्याच्या कडेनं, पाणी तुंबतं त्या पट्ट्यात असतील आणि एकाच झाडाला बेचक्यावर बेचकं असेल, तर मुळांची घुसमट. सगळीकडे विखुरलेली, वेगवेगळ्या उंचीवर असतील तर अळी किंवा फुलोरा.

आता जातीचं. रोपं टिश्यू कल्चरची, एकाच मातृवृक्षाची असतील तर ती एकसारखी वागायला हवीत: बेचकी जवळपास सर्वांना, जागा कुठलीही असो. निम्म्यांना आहेत आणि निम्म्यांना नाहीत, तेही कागदावर गटागटानं, तर दोष जमिनीचा किंवा हवेचा आहे, रोपवाटिकेवर तो टाकता येत नाही. बियांची रोपं असतील तर झाडागणिक फरक असतोच. त्यात एक खूण उपयोगी आहे. शेजारच्या झाडांच्या आधी, पाच-सहा वर्षांतच भरभरून फुललेलं झाड विरळणीत काढा, आणि त्याचं बी पुढे कधी वापरू नका.

दोन शेंड्यांचं आता काय करायचं? मी तिथे तीन गट करीन. दोनपैकी बारीक फांदी बुडाशी ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ती एकाच वेळी काढा. ३ ते ६ सेंटिमीटर असेल तर या वर्षी तिचा वरचा अर्धा ते दोनतृतीयांश भाग कापा, खाली थोडी पानं राहू द्या आणि पुढच्या वर्षी बुडापासून काढा. मधल्या वर्षात ती फांदी मागे पडते, दुसरीला वेग येतो, बुडाशी दोघींच्या जाडीत फरक पडतो आणि शेवटची जखम तुलनेनं लहान राहते. ६-७ सेंटिमीटरच्या वर गेलेली, जवळपास सारख्या जाडीची जोडी मात्र दुरुस्त करू नका. एवढी मोठी जखम मिटायला वर्षं जातात, तोवर आत कुज शिरते. असं झाड विरळणीसाठी खूण करून ठेवा. बेचकं चार-साडेचार मीटरच्या वर असेल तर त्याला हातच लावू नका. खालचा ओंडका साफ मिळतो, आणि पैसा त्यातच आहे.

बेचक्याचा आकारही पाहा. तळ अर्धगोल आणि मध्ये सालीची उंचावलेली कड असेल तर जोड पक्का आहे. तळ टोकदार, फटीसारखा असेल आणि साल आत वळून गेलेली दिसत असेल तर दोन्ही लाकडं एकमेकांना जुळलेलीच नाहीत, मध्ये साल अडकली आहे. पावसाळी वादळात असं झाड मधोमध फाटतं आणि फाट खाली ओंडक्यापर्यंत उतरते. अशांतली एक फांदी आधी हलकी करावी किंवा झाडच काढावं.

आता कोंब. इथे थोडं थांबतो, कारण चांगले लावलेले साग एकदम फार छाटण्याच्या चुकीनं जास्त बिघडतात. खोडावर फुटलेले ते कोंब नव्यानं जन्मलेले नसतात. झाड लहान असताना त्या ठिकाणी पान होतं, त्याच्या बगलेत डोळा होता. तो फुटला नाही, मेलाही नाही. खोड जाड होत गेलं तसा तो दर वर्षी लाकडाबरोबर बाहेर सरकत सालीखाली झोपून राहिला. खोड उभं चिरलं तर गाभ्यापासून सालीपर्यंत त्याची बारीक रेघ दिसते. वरचा डोलारा, म्हणजे फांद्या-पानांचा पसारा, भरदार असेपर्यंत हे डोळे दबलेले असतात. डोलारा एकदम लहान झाला, त्याच वेळी खोडावर ऊन पडलं आणि मुळांचा पुरवठा मात्र तेवढाच राहिला, की ते उठतात. तुमच्या झाडांची उंची सात मीटर, साफ केलं पाच मीटर, म्हणजे डोलारा उरला फक्त दोन मीटरचा, उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. त्यात जुलै, म्हणजे वाढीचा भर. झाडाला पानं हवी होती, ती त्यानं जिथे डोळे होते तिथे काढली. त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं अगदी बरोबर केलं.

नियम असा ठेवा: छाटणीनंतर उंचीच्या निम्म्याहून जास्त भागावर हिरवा डोलारा राहिलाच पाहिजे, आणि एका वर्षात डोलाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. तुमच्या झाडांना गेल्या वर्षी फार तर तीन-साडेतीन मीटरपर्यंत जायला हवं होतं. वेळ पानगळीनंतरची, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. हवा कोरडी असते, बुरशीचे बीजाणू कमी, आणि पालवीच्या तोंडावर जखमेच्या कडा लगेच भरायला लागतात.

मग आलेले कोंब काढायचे की नाहीत? अंगठ्यानं मोडतील असे कोवळे असताना ते बुडापासून चोळून काढावेत. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी एक फेरी, म्हणजे जून ते सप्टेंबर पाच-सहा फेऱ्या. काठीनं झोडपून किंवा विळ्यानं सोलून काढले तर बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे तीन होतात. तुमचे कोंब आता लाकूड झालेत, म्हणून सगळे एकदम उतरवू नका, नाहीतर पुन्हा तेच होईल. या फेब्रुवारीत तीन मीटरच्या खालचे सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) बुडापाशी कापा, वरचे तसेच ठेवा. ते सध्या डोलाऱ्याचं काम करताहेत. पुढच्या वर्षी शेंडा दीड मीटर वर गेला की साडेतीन-चारपर्यंत जा. एवढं धीरानं केलं तर दोन वर्षांत खोड शांत होतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: छाटणी न करताही कोंब येत असतील तर वर पाहा. डोलारा अळीनं खाल्लेला, शेजाऱ्यांनी दाबलेला, बांडगुळानं भरलेला किंवा शेंड्याकडून वाळत आलेला असणार. तिथे कोंब हे लक्षण आहे. ते काढत बसून उपयोग नाही.

फांदी कापायची कशी, हेही लिहितो, कारण कुऱ्हाडीनं किंवा कोयत्यानं केलेली छाटणी खोडाची साल खालपर्यंत सोलते. वाकड्या पात्याची छाटणीची करवत घ्या. खोडापासून २५-३० सेंटिमीटरवर आधी खालून फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा काप. मग त्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे वरून काप, फांदी साल न ओढता पडते. उरलेलं थोटूक शेवटी काढायचं, पण खोडाला चाटून नव्हे. फांदीच्या बुडाशी सुरकुतलेला फुगीर कंगोरा असतो, तो खोडाचा भाग आहे. त्याच्या लगेच बाहेर करवत चालवायची. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड तिच्याभोवती भिंती उभ्या करून तिला आत कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. कंगोरा कापला की ती भिंत उभी करण्याची जागाच गेली. उलट बोटभर थोटूक ठेवलं तर ते मरतं आणि नवं लाकूड त्याच्याभोवती चढून ओंडक्यात सुटी गाठ बनते, जी फळी केल्यावर भोक पाडून बाहेर पडते. कापावर डांबर किंवा रंग लावू नका, आत ओल कोंडते. कोरड्या हंगामात बोर्डो पेस्टचीही (चुना-मोरचुदाच्या लेपाचीही) गरज नाही. दोन झाडांच्या मध्ये करवतीचं पातं स्पिरिटनं पुसा, तेवढं पुरे.

छाटणी लवकर का, तर गाठींचा भाग मध्यभागी बारीक राहावा म्हणून. खोड त्या उंचीवर ८-१० सेंटिमीटर जाड होण्याआधी तिथली फांदी गेली, तर पुढचं सगळं लाकूड बिनगाठीचं चढतं. पंधरा सेंटिमीटर झाल्यावर साफ केलेलं खोड बाहेरून सुंदर दिसतं, आत मात्र गाठीच असतात.

विरळणी मात्र आता टाळता येणार नाही. दोन मीटरवर सहा वर्षांची झाडं म्हणजे डोलारे एकमेकांत घुसलेले, खोडं बारीक आणि लांब. उंची भागिले छातीच्या उंचीवरचा व्यास, दोन्ही एकाच एककात, हे गुणोत्तर ८० च्या वर गेलं की झाड वाऱ्यात डोलायला आणि वाकायला लागतं. सात मीटर उंच झाडाचा व्यास पावणेनऊ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते या गटात येतं. सरळ पद्धत म्हणजे कर्णरेषेनं एकाआड एक झाड काढणं, उरलेल्यांत २.८ मीटर अंतर राहतं. तुमच्याकडे बेचकी इतकी आहेत, की मी आंधळेपणानं एकाआड एक काढणार नाही. त्या नकाशावर आधी वाईट झाडं खोडा, मग अंतर पाहा. एका वर्षी निम्म्याहून जास्त काढू नका, कारण अचानक ऊन पडलं की उरलेल्या खोडांवर पुन्हा कोंबच. बाहेरच्या रांगेतल्या जाड फांद्यांच्या झाडांना तसंच राहू द्या. ती वारा अडवतात, लाकडासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवायची नसते.

वाकलेल्या खोडांत दोन प्रकार आहेत. बुडाशी वळण घेऊन वर सरळ झालेलं झाड एकदाच कललं होतं, बहुधा लावणीत ठोंब (मूळ आणि आखूड खोड राखून छाटलेलं रोप) तिरका बसला किंवा पहिल्या पावसात माती सैल झाली. ते पुढे सरळच वाढणार. पण कललेलं असताना त्यानं वरच्या बाजूला ताणाचं लाकूड घातलेलं असतं. रुंद पानांची झाडं दोरीनं ओढल्यासारखी वरच्या बाजूनं स्वतःला सरळ करतात, चीड-देवदारासारखी सूचिपर्णी झाडं खालून टेकू दिल्यासारखी. ताणाचं लाकूड करवतीखाली लोकरीसारखं तंतुमय होतं आणि फळी वाळताना पीळ खाते, म्हणून बुडाचा अर्धा-पाऊण मीटर तुकडा वेगळा काढून विकावा. दुसरा प्रकार म्हणजे नागमोडी खोड, दर वर्षी शेंडा मरून बाजूच्या डोळ्यानं जागा घेतलेलं. खोडाला ३ मीटर दोरी ताणून लावा. मध्ये चार बोटांपेक्षा जास्त फट पडत असेल तर तो ओंडका कारखानदार सरळ म्हणून घेणार नाही. बांबू बांधून सहा वर्षांचं झाड सरळ होत नाही. रोपालाही बांबू द्यायचा तर खालच्या तिसऱ्या हिश्शात, सैल बांधून, एकाच हंगामासाठी. वाऱ्यात थोडं हललं तरच बूड जाड होतं.

बुडाच्या पन्हळी (खोडाच्या बुडाला पडणाऱ्या उभ्या खाचा) सागाचा स्वभाव आणि जमीन मिळून ठरवतात, त्यावर उपाय नाही. बांडगूळ मात्र सोडू नका. फुलटोच्या पक्ष्यामुळे त्याचं चिकट बी फांदीवर बसतं, फांदी तिथे फुगते आणि पुढची वाळते. नुसतं बांडगूळ ओढलं तर मुळं आत राहून पुन्हा फुटतात, म्हणून फांदी फुगीर भागाच्या हातभर मागे कापा. शेतात चंदनही असेल आणि त्याच्या एखाद्या फांदीची पानं बारीक, ताठ, झुपक्यानं यायला लागली, तर ते छाटणीचे कोंब समजू नका. तो फायटोप्लाझ्माचा (जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा) रोग आहे, तुडतुड्यांमधून पसरतो. झाड मुळासकट काढा.

शेवटी जमीन, कारण पुढची बेचकी तिथेच ठरणार. चोरलच्या घाटात, विंध्याच्या उतारावर साग आपोआप सरळ वाढतो, कारण तिथे मुरमातून पाणी निघून जातं. माळव्याच्या सपाट काळ्या मातीत ते ऑगस्टभर मुळाशी उभं राहतं. झाडं वाईट असलेल्या पट्ट्यात मीटरभर खड्डा खणा. मीटरच्या आत मुरूम लागला तर ठीक. नुसती चिकण काळी माती असेल तर रांगांच्या मधून उताराकडे ४५ ते ६० सेंटिमीटर खोल चर काढा, खोडापासून निदान मीटरभर लांब. युरिया ऑगस्टनंतर बंद, ठिबक ऑक्टोबरपासून कमी करत न्या. दिवाळीपर्यंत शेंडा पक्व झाला पाहिजे. कोवळा राहिला तर तोच पाल्यात जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पानं खाणारी अळी शेंड्याचं नुकसान करते. सप्टेंबरनंतर पानांची जाळी करणारी अळी दिसायला भयंकर असते, पण वर्षाची वाढ तोवर झालेली असते, तिच्यासाठी फवारणीवर पैसे घालवू नका.

विरळणीत निघालेल्या झाडांचे बुंधे उपटू नका. मे अखेरीस जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवर, किंचित तिरका, गुळगुळीत काप घ्या. सहा वर्षांच्या मुळांवर पावसात बरेच फुटवे येतील. ते वीतभर झाले की जमिनीच्या सगळ्यात जवळून निघालेला एक सरळ ठेवा, बाकीचे मोडा, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा पाहा. उरलेल्या झाडांची सावली फार नसेल तर पहिल्याच हंगामात तो माणसाच्या डोक्यावर जातो. झाडं पाडण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन पाडण्याची परवानगी आणि वाहतुकीची टी.पी. (ट्रान्झिट पास, म्हणजे वाहतूक परवाना) या दोन्हींची चौकशी करून घ्या. स्वतःच्या शेतातला असला तरी साग कागदाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.